तीन पाडव्यांची खूण : निर्बंध उठतानाच्या आठवणी आपल्या वस्तीत कशा नोंदवाव्यात

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील कोरोनाचे सर्व निर्बंध उठले आणि मास्क वापरणे ऐच्छिक झाले. दोन वर्षांच्या खंडानंतर त्या सकाळी ठाण्यात नववर्षाची स्वागतयात्रा पुन्हा निघाली. आज त्या दिवसाविषयी कोणालाही विचारले, तर "बरं वाटलं, सुटलो एकदाचे" एवढे उत्तर मिळते आणि विचारणाराही त्यावर समाधान मानतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच दिवशी कोणी मास्क काढायला घाबरत होते, कोणी आपल्या माणसाशिवाय पहिली गुढी उभारत होते, आणि कोणाच्या दृष्टीने निर्बंध दीड वर्षापूर्वीच, दुकानाचे शटर वर गेले त्या दिवशी, उठले होते. ही माणसे अजून आपल्या आसपास आहेत आणि त्यांच्या आठवणी अजून पुरत्या पुसलेल्या नाहीत, म्हणून त्या आताच लिहून ठेवल्या पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

वर्तकनगर परिसरातील आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या वसाहतीत मी हे काम केले, त्यातून जी पद्धत हाती आली ती येथे मांडतो. सोसायटी, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ किंवा शाळेचा एखादा वर्ग असे कोणीही ती वापरू शकेल. त्यासाठी एक मोबाईल, एक वही आणि दर आठवड्याला दोन-तीन तास एवढे भांडवल पुरते.

सुरुवात तारखांपासून करावी

पहिल्या चार-पाच मुलाखतींत मी प्रत्येकाला "निर्बंध उठले तेव्हा काय वाटलं?" असा प्रश्न विचारला आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यांसारखी उत्तरे गोळा केली. चूक प्रश्नात होती. निर्बंध उठणे ही एका दिवसाची घटना नव्हतीच. ते टप्प्याटप्प्याने उठले, मध्येच परत आले, पुन्हा उठले, आणि प्रत्येक टप्प्याने वेगळ्या माणसाचे दार उघडले. त्यामुळे घराबाहेर पडण्याआधी तारखांचा एक तक्ता स्वतःसाठी तयार करावा आणि तो मुलाखतीच्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर असावा.

तक्त्याचा कणा म्हणून मी तीन पाडवे धरले, कारण आपल्याकडे लोक इंग्रजी तारखेपेक्षा सणांवरून काळ मोजतात आणि योगायोगाने हे तिन्ही पाडवे महत्त्वाच्या वळणांवर आले होते. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा पाडव्याचा दिवस होता. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला आणि त्याच संध्याकाळी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून कडक निर्बंध लागू होत असल्याचे जाहीर केले. तिसऱ्या पाडव्याला सगळे निर्बंध उठले. "पहिल्या पाडव्याला गुढीचं सामान कुठून आणलं होतं?" असे विचारले की माणूस आपोआप त्या काळात जातो, आणि तेथून त्याला पुढच्या दोन पाडव्यांपर्यंत आणणे सोपे होते.

या तीन खुणांच्या मधल्या तारखा आपल्या वस्तीतील व्यवसाय पाहून भराव्यात. राज्यात 'मिशन बिगिन अगेन' या नावाने जून २०२० मध्ये पहिली शिथिलता आली. सलून २८ जूनला उघडली, तीही फक्त केस कापण्यासारख्या मोजक्या कामांसाठी, आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपापल्या हद्दीत पुन्हा टाळेबंदी लावली. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास २ सप्टेंबरपासून रद्द झाला. उपाहारगृहे ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने सुरू झाली. मंदिरे आणि इतर प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून, तर नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरपासून निम्म्या आसनांसह सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे काही निर्बंध परत आले, हेही तक्त्यात असावे, कारण बहुतेकांच्या आठवणीतून तो महिना गळालेला असतो.

नवी मुंबईत काम करणाऱ्यांनी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीची नोंद वेगळी ठेवावी. ते बाजार ११ ते १७ मे २०२० या काळात बंद होते. तेथील माथाडी कामगाराला किंवा व्यापाऱ्याला सुरुवातीच्या "उघडण्या"विषयी विचारायचे असेल, तर ते मे महिन्यापासूनच विचारावे लागते. त्या वेळी आपण बाकीचे लोक घरात बसून भाजी धुण्याच्या पद्धतींवर चर्चा करत होतो.

लोकलचे पान स्वतंत्र ठेवावे

ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली, वाशी, नेरूळ अशा कोणत्याही ठिकाणी हे काम केले तरी लोकांच्या प्रतिक्रियेचा सर्वांत मोठा भाग लोकलशी बांधलेला असल्याचे दिसेल. मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवास करता येऊ लागला, पण पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. एप्रिलमध्ये ती दारे पुन्हा बंद झाली. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून, दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास काढता येऊ लागला.

या प्रत्येक तारखेमागे वेगळा माणूस आहे. सकाळी दहाला फोर्टमधील दुकानावर पोहोचायचे असलेल्या विक्रेत्याला सातच्या आत गाडी पकडून तीन तास फलाटाबाहेर काढावे लागत होते, म्हणून त्याच्या दृष्टीने १ फेब्रुवारी ही सुटका नव्हती. खासगी कार्यालयात काम करणाऱ्या आणि तोपर्यंत शेअर टॅक्सीला पगाराचा मोठा भाग देणाऱ्या बाईला मात्र २१ ऑक्टोबर आजही तारीखवार आठवते. आमच्या शेजारच्या वसाहतीतील एका ताईंनी मला सांगितले, "त्या दिवशी डब्यात बसायला जागा होती, तरी मी दारातच उभी राहिले, वारा घ्यायला." असे वाक्य "तुम्हाला आनंद झाला का?" या प्रश्नातून कधीच मिळाले नसते. ते "पहिल्यांदा लोकलमध्ये चढलात, तेव्हा कुठे उभ्या होतात?" या प्रश्नातून मिळाले.

ऑगस्ट २०२१ विषयी विचारताना लसीचा मुद्दा नक्की काढावा. लस लवकर मिळालेले आणि उशिरा मिळालेले, तसेच घ्यायला कचरणारे, यांच्यात त्या पासाने एक रेघ ओढली होती. केंद्रापुढे पहाटेपासून रांग लावूनही तरुणांना पहिला डोस मिळत नव्हता, अशा काळानंतर दोन डोसांची अट आली. काहींना ती न्याय्य वाटली, काहींना जाचक. दोन्ही मते त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावीत आणि आपण मध्ये निवाडा करू नये.

कोणाला विचारावे

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण ते ओळखीचे असतात आणि चांगले बोलतात. तो टाळावा. गेटच्या आतल्या लोकांइतकेच गेटच्या बाहेरचे लोक महत्त्वाचे आहेत. सरकारी आदेश एका तारखेला निघाला आणि अनेक सोसायट्यांचे गेट दुसऱ्याच तारखेला उघडले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंना परवानगी असूनही कमिटीने महिना-दोन महिने आत घेतले नाही, किंवा घेतले तर लिफ्ट वापरू दिली नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या काळाची नोंद पूर्ण होत नाही. या बाबतीत आमच्या इमारतीचे वागणेही चांगले नव्हते आणि मी ते तसेच लिहिले आहे.

यादीत वॉचमन असावा, रिक्षाचालक असावा, फुलवाला, सलूनवाला, खासगी क्लास घेणाऱ्या बाई आणि लग्नाचे केटरिंग करणारा असावा. केटरिंगवाल्याला वऱ्हाडाच्या आकड्यांवरून विचारावे. पन्नास माणसांची मर्यादा त्याला आठवतेच. पण एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांत २५ माणसांत लग्न उरकण्याचा नियम आला होता, त्या दिवसांत त्याने कामगारांचे काय केले, हे विचारले की बोलणे खरे सुरू होते. लहान मुलांनाही विसरू नये. २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाने शाळेची इमारत आतून पाहिली तेव्हा तो काय विचार करत होता, हे आता तो नीट सांगू शकतो, आणि आणखी पाच वर्षांनी बहुधा सांगू शकणार नाही.

ज्यांना निर्बंध उठू नयेत असे वाटत होते, त्यांना मुद्दाम शोधावे. असे लोक बरेच होते: मधुमेही, डायलिसिसवर असलेले, घरात तान्हे बाळ असलेले, आणि घरून काम करताना पहिल्यांदाच मुलांना दिवसाउजेडी पाहिलेले वडील. गर्दी परतल्याचे दुःख मोठ्याने सांगण्याची सोय त्यांना त्या वेळी नव्हती.

कसे विचारावे

मुलाखत शक्यतो त्या माणसाच्या जागी घ्यावी. सलूनवाल्याला खुर्चीपाशी आणि आजोबांना त्यांच्या खिडकीशी बोलते करावे, कारण वस्तू आठवणींना हात देतात. मोबाईलवर आवाज नोंदवण्यापूर्वी विमान मोड सुरू करावा आणि पंखा बंद करावा. आपल्याकडच्या पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात फार त्रास देतो. पहिल्याच मिनिटाला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याने ठरवलेले नाव मोठ्याने म्हणून ठेवावे. पाऊण तासापेक्षा जास्त वेळ एका बैठकीत घेऊ नये.

प्रश्न दारांविषयी आणि हातांविषयी असावेत: त्या दिवशी सर्वांत आधी कुठे गेलात, कोणाला भेटलात, हात मिळवला की नमस्कार केला, मास्क खिशात ठेवला की हनुवटीवर, घरी आल्यावर अंघोळ केली का, पहिल्यांदा बाहेर काय खाल्ले. तलावपाळीला फेरी मारली, येऊरला गेलो, उपवनच्या काठावर बसलो, अशी उत्तरे आली की त्यांना "एकटे की कोणाबरोबर?" एवढाच पुढचा प्रश्न जोडावा. भावना आपोआप येते आणि ती न विचारता आली, तरच लिहिण्याजोगी असते.

एक महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे विश्वासाचा. दार उघडले, तेव्हा ते उघडेच राहील असे वाटले होते का? ठाणेकरांचा हा विश्वास दोनदा तरी डळमळला होता. जुलै २०२० चा अनुभव वर आलाच आहे. दुसरा ३ जून २०२१ चा. त्या दिवशी तत्कालीन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्ह्यांतील निर्बंध दुसऱ्या दिवसापासून उठणार असल्याचे सांगितले. त्या यादीत ठाणे जिल्ह्याचे नाव होते. काही तासांतच हा प्रस्ताव अजून विचाराधीन असल्याचा सरकारी खुलासा आला, आणि बाधितांचे प्रमाण व ऑक्सिजन खाटांचा वापर यांवर आधारलेली पाच स्तरांची व्यवस्था प्रत्यक्षात ७ जूनपासून लागू झाली. त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आधी पेढ्यांची आणि मग रागाची चित्रे फिरली. एका कापड दुकानदाराने मला सांगितले की त्याने कामगारांना फोन करून सकाळी या म्हणून सांगितले आणि रात्री पुन्हा फोन करून येऊ नका म्हणून सांगितले, आणि दुसरा फोन करणे त्याला पहिल्या टाळेबंदीपेक्षा जड गेले. पुढच्या काळात लोक मोकळेपणाच्या बातमीवर जल्लोष करण्याऐवजी "बघू, किती दिवस टिकतंय" असे का म्हणू लागले, याचे उत्तर अशा प्रसंगांत आहे, असे माझे मत झाले आहे.

आठवण आणि तारीख जुळत नसेल तर

हे वारंवार घडते. "गणपतीनंतर लगेच मंदिरं उघडली" असे कोणी सांगते, प्रत्यक्षात ती नवरात्रात किंवा दिवाळीत उघडलेली असतात. बोलणाऱ्याला तेथेच दुरुस्त करू नये, कारण एकदा चूक दाखवली की माणूस पुढे जपून बोलतो. त्याचे वाक्य तसेच ठेवावे आणि खरी तारीख आपल्या टिपणात चौकटी कंसात लिहावी. दोन वेगळे टप्पे आठवणीत एकत्र झाले असतील, तर सणांचा आधार घ्यावा. सार्वजनिक गणेशमूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची, ही मर्यादा २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी होती, तर २०२२ मध्ये दहीहंडी आणि गणेशोत्सव निर्बंधांविना झाले. "मूर्ती केवढी होती?" या एका प्रश्नाने वर्ष बहुतेक वेळा नक्की होते.

कागदपत्रेही याच कामाला येतात. लिफ्टजवळ चिकटवलेल्या सूचना, कमिटीच्या सभेची इतिवृत्ते, गेटवरच्या नोंदवह्या, इमारत सील झाल्याचा फलक, लसीची प्रमाणपत्रे, क्यूआर कोड असलेले रेल्वेचे पास, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे संदेश यांचे फोटो काढून ठेवावेत. गेटवरच्या नोंदवह्यांत लोकांचे फोन नंबर आणि शरीराचे तापमान लिहिलेले असते, म्हणून ती पाने जशीच्या तशी कोणालाही दाखवू नयेत. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूर वापरण्याआधी लिहिणाऱ्याची संमती घ्यावी. सेक्रेटरीने होकार दिला, म्हणजे सर्वांनी दिला, असे होत नाही.

ज्यांच्या घरात कोणी गेले, त्यांच्याशी बोलताना

येथे घाई अजिबात चालत नाही. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये माणूस गमावलेल्या घराला पुढची प्रत्येक मोकळीक टोचलेली असते. "महिनाभर आधी बेड मिळाला असता तर", "अंत्यविधीला वीसच माणसं, आणि आता मिरवणुकीला हजारो", ही वाक्ये मी एकाहून अधिक घरांत ऐकली. अशा घरी आधी एकदा ध्वनिमुद्रणाशिवाय जाऊन यावे, काम काय आहे ते समजावून सांगावे, आणि त्यांनी बोलावले तरच दुसऱ्यांदा जावे. बोलताना ते थांबले, तर आपणही थांबावे आणि मुद्रण बंद करू का, असे विचारावे. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी दोन वेळा नाही म्हटले, आणि तिसऱ्यांदा स्वतः येऊन तिसऱ्या पाडव्याच्या सकाळविषयी सांगितले. त्यांनी गुढी उभारली, स्वागतयात्रेच्या ढोलांचा आवाज आला, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी मात्र शेजारच्या मुलांना श्रीखंड दिले. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या आणि त्यांपैकी एकच निवडून लिहिण्याचा अधिकार मला नाही, म्हणून दोन्ही लिहिल्या.

संमतीपत्र एका पानाचे आणि मराठीत असावे. ध्वनिमुद्रण कोण ऐकेल, खरे नाव द्यायचे की नाही, आणि नंतर मजकूर मागे घेता येईल का, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. तिसऱ्याचे उत्तर नेहमी होकारार्थी ठेवावे.

उतरवणे आणि जपणे

ध्वनिमुद्रण शक्यतो त्याच आठवड्यात लिहून काढावे. पाऊण तासाचे बोलणे उतरवायला चार-पाच तास लागतात, म्हणून कामे वाटून घ्यावीत. बोलीभाषा प्रमाण करू नये. आगरी बोलणाऱ्या कोळीवाड्यातील आजींचे शब्द आगरीतच राहावेत आणि हिंदीत बोललेला रिक्षाचालक हिंदीतच राहावा. लिहिलेला मजकूर बोलणाऱ्याला वाचून दाखवावा. मी वाचून दाखवले, तेव्हा जवळपास प्रत्येकाने काही तरी नवे जोडले आणि थोड्यांनी काही तरी काढून टाकायला सांगितले.

ध्वनिफीत, लिखित प्रत आणि संमतीपत्र यांना एकच क्रमांक द्यावा. त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात: एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्याच्या घरी, आणि लिखित मजकुराची एक कागदी प्रत सोसायटीच्या कपाटात. कमिटी बदलली की फायली हरवतात, त्यामुळे केवळ कपाटावर विसंबू नये. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आपल्या भागातील वाचनालय बांधीव प्रत स्वीकारेल का, हे काम संपण्याची वाट न पाहता आधीच विचारून ठेवावे, म्हणजे कागदाचा आकार आणि बांधणी त्यांच्या सोयीने ठरवता येते. आमच्या संग्रहात सध्या सव्वीस मुलाखती आहेत. सत्ताविसावी मुलाखत त्या वॉचमनची घ्यायची आहे, जो आता दुसऱ्या इमारतीत काम करतो आणि ज्याने आमचे गेट बंदही केले होते आणि उघडलेही होते.